अंगणातला टाईम

मावशींबद्दल मला फार थोडं माहीत आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मला धरायला नको. बावीस वर्षं आम्ही एकाच ग्रंथालयात, एकाच अंगणाच्या दोन बाजूंना काम केलं. इकडे माझी बाइंडिंगची खोली, तिकडे त्यांची झाडू-बादल्यांची खोली, मधे फार तर वीस पावलं. एवढ्या वर्षांत त्यांचं आडनाव विचारावं असं मला कधी सुचलं नाही. त्या राहतात कुठे, हेही मला आम्ही दोघं निवृत्त झाल्यावर सात वर्षांनी कळलं.

त्यांना जाऊन आता वर्ष होऊन गेलं. गेल्या महिन्यात त्यांची भाची माझा पत्ता शोधत आली. हातात पिशवी, पिशवीत रिकाम्या बरण्या. प्रत्येक बरणीवर कागदाची पट्टी आणि पट्टीवर एकच शब्द: ‘टाईम’.

“हे अक्षर तुमचं का?” तिनं विचारलं.

“हो.”

“मावशी तुमच्याबद्दल फार बोलायची. चार ओळी लिहून द्या ना तिच्यावर. तिचं नोकरीतलं आमच्यापैकी कोणालाच काही ठाऊक नाही.”

मी म्हटलं, मला लिहिता येत नाही.

“अहो, सगळं आयुष्य पुस्तकांत गेलं ना तुमचं?”

आता हिला काय सांगणार? गवंड्याचं आयुष्य घरं बांधण्यात गेलं म्हणून त्याला संसार चांगला जमतोच असं नाही. मी पुस्तकं शिवली, चिकटवली, दाबाखाली ठेवली. वाचली फार थोडी. तरी मी हो म्हटलं, कारण एक गोष्ट मला सांगायचीच होती आणि ती ऐकणारी मावशी आता राहिली नव्हती. निदान भाचीनं तरी ती वाचावी.

त्या मला काका म्हणत आणि मी त्यांना मावशी. वयात अंतर चार महिन्यांचं, तेही मीच लहान. बाकी सगळे त्यांना मागे ‘माशीमावशी’ म्हणत. पुढे तोंडावरही म्हणायला लागले. हेडक्लार्क म्हणायचे, “एका ‘व’चा तर फरक आहे, मावशी, राग कसला?” मावशी म्हणायच्या, “राग नाही हो. माशी काम तरी करते.” आणि हेडक्लार्कच्या टेबलावरची धूळ मुद्दाम तशीच ठेवून पुढे जायच्या.

ग्रंथालयात येण्याआधी त्या छातीच्या दवाखान्यात आया होत्या. तिथल्या एका सिस्टरनं त्यांना कागदाच्या पुडीत चिमूटभर बी दिलं होतं. बी कसलं, धूळच ती. पुडीवर परक्या लिपीत काहीतरी छापलेलं. “काय लिहिलंय?” असं मावशींनी विचारलं तेव्हा सिस्टर म्हणाली, “टाईम.” झालं. त्या दिवसापासून त्या रोपाचं नाव टाईम. रुग्णांना गुळण्या करायला जे पाणी देत त्याला हाच वास यायचा, म्हणून मावशींना ते बी हवं होतं. त्या वासावर त्यांचा विश्वास बसला होता. “औषधांनी किती बरे झाले ते डॉक्टरांना ठाऊक,” त्या म्हणायच्या, “पण या वासानं माणसं उठून बसायची, ते मी डोळ्यांनी बघितलंय.”

घरी त्यांनी ते बी डब्यात पेरलं. उगवलं, पण काडीसारखं लांब आणि एका अंगाला कललेलं. त्यांच्या खोलीत ऊन येत नव्हतं. मग ग्रंथालयात नोकरी लागली तेव्हा पहिल्याच आठवड्यात ती रोपं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्या घेऊन आल्या आणि अंगणाच्या भिंतीलगत लावली. जागाही कोणती, तर जिथे जुन्या फरशांचे तुकडे आणि चुना टाकलेला होता. तिथे गवतसुद्धा धरत नव्हतं. मी खिडकीतून बघत होतो. मला वाटलं, बिचारीचे कष्ट वाया जाणार. मला बऱ्याच गोष्टी वाटतात. त्यातल्या बऱ्याच चुकतात. त्या रोपाला असलीच हलाखी आवडते, हे मला काय माहीत! तिसऱ्या वर्षी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गुडघ्याएवढंही उंच नाही, पण दाट, करडं-हिरवं झुडूप पसरलं. त्याला तिळाएवढी फिकट जांभळी फुलं आली, आणि फुलांमागे मधमाश्या.

त्या माश्या कुठून येत ते आम्हाला कधीच कळलं नाही. सकाळी अंगणात ऊन उतरून भिंत तापली की येत. ढगाळ दिवशी चारदोन, लख्ख उन्हात शेकड्यानं. फूल एवढंसं, माशी त्याच्या दुप्पट. ती बसली की दांडी खाली वाकायची आणि उडाली की झटकन वर यायची. सगळं झुडूप जागच्या जागी खालीवर होत राहायचं. मी सुई ओवता ओवता थांबून बघत बसे. मावशींनी त्यांच्यासाठी पसरट बशीत खडे टाकून पाणी ठेवलं होतं. खडे का, तर पिताना बुडू नयेत म्हणून. एकदा त्या एका माशीच्या मागे गल्लीच्या तोंडापर्यंत धावत गेल्या होत्या, घर कुठे आहे ते बघायला. परत आल्या त्या धापा टाकत. “गेली भिंतीवरून. पण असणार हो कुठेतरी. घर नसलेलं कोण एवढं काम करील?”

टाईमचं त्या काय काय करत याची यादी करायची म्हटली तर माझा कागद संपेल. सुकवून बरण्या भरत, आणि बरण्यांवरच्या पट्ट्या माझ्याकडून लिहून घेत. त्या काय म्हणतात ते ऐकायचं आणि लिहायचं. मीही ‘टाईम’ असंच लिहिलं. खोकला झाला की काढा, दात दुखला की गुळणी, नाक चोंदलं की वाफ. कपाटात लोकरीच्या कपड्यांत जुडी ठेवली की कसर लागत नाही. फरशी पुसायच्या पाण्यात एक मूठ. बटाट्यांवर, घेवड्यावर चिमूटभर. ग्रंथालयातलं प्रत्येक दुखणं त्यांच्याकडे जायचं आणि प्रत्येकाला उत्तर एकच.

“मावशी, डोकं दुखतंय.”

“टाईम घ्या.”

“पोट बिघडलंय.”

“टाईम घ्या.”

एकदा नोंदणीतल्या बाईंनी विचारलं, “आणि सासूशी पटत नसेल तर?”

“त्यालाही टाईमच लागतो, बाई. फक्त तो माझ्याकडचा नव्हे.”

माझ्यापुरतं सांगायचं तर माझे हात त्यांनी वाचवले. आम्ही बाइंडर लोक मैद्याची खळ शिजवतो. ती नासू नये, तिला किडा लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालायची पद्धत. तीस वर्षं त्या निळ्या विषात बोटं घालून माझ्या हातांच्या चिरा कधी मिटतच नव्हत्या. मावशींनी एकदा फरशी पुसता पुसता ते हात पाहिले. दुसऱ्या दिवशी टाईम उकळून गाळलेलं पाणी भांडंभर आणून ठेवलं. “यात शिजवा तुमची खळ. बघा तर खरं.” मी शिजवली. तिसऱ्या दिवशी जी आंबायची ती आठव्या दिवशीही आंबली नाही. मी मोरचूद सोडला, हात बरे झाले. ती पुस्तकं पुढे किती टिकली असं विचाराल तर मला माहीत असलेल्यांना तरी बुरशी धरली नाही. टाईममुळे, की त्या वर्षांत मी वाळवायला जास्त जपलो म्हणून, ते मी छातीठोक सांगणार नाही.

मावशींना दुसरं काही नव्हतं, निदान मला तरी दिसलं नाही. सकाळी आल्या की हजेरीच्या आधी त्या भिंतीपाशी जात. रजेच्या दिवशीही येऊन जात. एकदा म्हणाल्या होत्या, “काका, घरी मला ऊन नाही. माझ्या वाटणीचं सगळं ऊन या भिंतीवर पडतं.” आता हे ध्यानात ठेवा, म्हणजे पुढे मी जे केलं ते काय होतं ते कळेल.

झालं असं, की एके वर्षी एका विद्वान वाचकाच्या मानेवर मधमाशी चावली. अंगणाकडची खिडकी उघडी होती आणि ते तिच्याखालीच बसले होते. त्यांनी दोन पानी तक्रार दिली. तक्रारीत त्या झाडाचं नावसुद्धा लिहिलं होतं, ‘थाईम नामक वनस्पती’. आमचे साहेब नवीन होते, कामाचे आणि शिस्तीचे. त्या वेळी ते पंधरा दिवसांसाठी परगावी गेले होते. तक्रार त्यांच्यामागे टपालानं गेली. एक दिवस दुपारी कचेरीत फोन वाजला.

मला फोनची भीती वाटते. तेव्हाही वाटायची. पण मी नेमका पुस्तकांचा गठ्ठा घेऊन तिथून चाललो होतो आणि कचेरीत चिटपाखरू नव्हतं. वाजून वाजून थांबेल म्हणून मी उभा राहिलो. थांबेना. शेवटी उचलला.

“कोण बोलतंय?”

“मी... बाइंडर.”

“हेडक्लार्क कुठे आहेत?”

“दात.”

“काय?”

“दात काढायला गेलेत, साहेब.”

“बरं, तुम्हीच लिहून घ्या. अंगणातला थाईम काढून टाकायला सांगा. मी यायच्या आत. कळलं?”

“हो.”

मी चिठ्ठीवर लिहिलं: ‘अंगणातला टाईम काढून टाकणे. साहेब यायच्या आत.’ साहेब काय म्हणाले ते मला पुरतं कळलं होतं. साहेब ‘थ’ म्हणाले हेही ऐकू आलं होतं. पण हाताला वळण बरण्यांचं होतं, ते तेच लिहून गेलं. चिठ्ठी हेडक्लार्कच्या टेबलावर, दगडाखाली ठेवली आणि मी माझ्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

समोर मावशी भिंतीपाशी उकिडव्या बसून वाळक्या काड्या वेचत होत्या. वीस पावलं चालून जायचं आणि सांगायचं, एवढंच होतं. निदान त्यांनी चार रोपं काढून दुसरीकडे नेली असती. मी ठरवलं, हा फर्मा, म्हणजे घड्या घातलेल्या पानांचा हा जुडगा, शिवून होऊ दे, मग जाऊ. तो झाला. मग म्हटलं, हा पुढचा होऊ दे. त्या दुपारी मी एक फर्मा उलटा शिवला. तीस वर्षांत पहिल्यांदाच.

चार वाजता शिपाई शिडी घेऊन अंगणात आला. हा आमच्याकडे बदलून येऊन महिनाच झाला होता, पण तेवढ्यात त्याचं नाव ‘तंतोतंत’ पडलं होतं. साहेब एकदा त्याला म्हणाले होते, खिडकी पूर्ण उघडीही ठेवू नकोस आणि बंदही करू नकोस. तर हा पठ्ठ्या अर्धा दिवस खिडकी हातात धरून उभा. हेडक्लार्क सुजल्या गालानं परत आले होते. त्यांनी चिठ्ठी वाचून न वाचल्यासारखी करून तिच्यावर शिक्का मारला आणि तंतोतंतच्या हातात दिली होती.

झुडपं काढायला शिडी कशाला, असं माझ्या मनात येतंय तोवर त्यानं शिडी उलट्या बाजूला, दारावर लावली. वर चढला. दारावरचं मोठं गोल घड्याळ दोन्ही हातांनी उचललं, छातीशी धरलं आणि एक एक पायरी मोजत खाली उतरला. भिंतीवर ताटाएवढा पांढरा डाग राहिला.

तेव्हासुद्धा मी खिडकी उघडून म्हणू शकलो असतो, अरे बाबा, ते नव्हे. मी काही म्हटलं नाही. मावशींसाठी गप्प बसलो, असं म्हणायला मला आवडेल. पण खरं सांगायचं तर तोंड उघडायची मला सवयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी माझ्या खिडकीशी आल्या. तंतोतंतनं आदेश म्हणून ती चिठ्ठी फलकावर टाचली होती.

“काका, चिठ्ठी वाचली.”

मी मान वर केली नाही.

“तुमचं अक्षर मी झोपेतही ओळखीन. त्या बरण्यांवरनंच तर मी जरा वाचायला लागले. त्या वाचकाची तक्रारही कानावर आलीये माझ्या. कळलं मला सगळं.”

“मावशी, मी...”

“काही बोलू नका. भिंतीलाही कान असतात.” त्यांनी फुलांसकट एक जुडी खिडकीत ठेवली. आवाज खाली आणून म्हणाल्या, “दिसता गरीब गाय. पण आहात पक्के!”

त्यांना वाटलं, मी मुद्दाम केलं. साहेबांचा हुकूम मी जाणूनबुजून असा लिहिला, की झाडं वाचावीत. माझ्याबद्दल एवढं मोठं कोणी काही समजलं नव्हतं, त्याआधी आणि नंतरही. मी जुडी घेतली.

पुढचे दहा-अकरा दिवस ग्रंथालयात घड्याळ नव्हतं. हेडक्लार्कना चूक कळली होती, पण शिक्का त्यांचा होता, म्हणून ते गप्प. बाकीच्यांना उशिरा यायला बरं पडत होतं, म्हणून ते गप्प. सगळे मावशींना विचारत, “मावशी, वाजले किती?” मावशी भिंतीकडे बघून सांगत. माश्या आल्या, म्हणजे साडेनऊ. झुडूप नुसतं गजबजलं, म्हणजे बाराचा सुमार. सावली फरशीच्या तिसऱ्या ओळीवर आली आणि माश्या विरळ झाल्या, की चहा टाकायचा. नोंदणीतल्या बाई म्हणाल्या, “घड्याळापेक्षा हे बरं, याला किल्ली द्यावी लागत नाही.” मावशी म्हणाल्या, “टाईम विचारायचा तर टाईमलाच विचारावा.” सगळे हसले. मी मनातून घाबरलेलाच होतो. मावशीही वरवरच हसत होत्या. संध्याकाळी घरी जाताना त्या रोज झुडपावरून एकदा सबंध हात फिरवायच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. साहेब यायचे होते.

सोमवारी साहेब आले. अंगणात पाऊल टाकलं, सवयीनं वर बघितलं, मग मनगटावर बघितलं, मग पुन्हा वर.

“घड्याळ कुठे आहे?”

तंतोतंत पुढे झाला. “काढलं, साहेब. आपल्या आदेशाप्रमाणे. आपण यायच्या आत.”

चिठ्ठी आणली गेली. तोवर सगळे अंगणात जमले होते. मावशी दाराशी फरशी पुसायची काठी धरून उभ्या.

“हे अक्षर कोणाचं?”

“माझं,” मी म्हणालो. म्हणालो असेन, मला ऐकू आलं नाही.

“मी तुम्हाला थाईम म्हणालो होतो. थ! थव्यातला थ! तुम्ही ट कुठून आणलात?”

उत्तर माझ्या मागून आलं.

“त्याला टाईमच म्हणतात, साहेब.”

“कोण म्हणतं?”

“सिस्टर म्हणायच्या,” मावशी म्हणाल्या.

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तरातरा वाचनालयात गेले. तिथे लाकडी घोडीवर मोठा कोश असायचा; दोनदा मीच बांधलेला. दारातून त्यांची पाठ दिसत होती. पानं उलटली, बोट ओळीवरून गेलं, थांबलं. मग ती पाठ हलायला लागली. आधी कोणाला कळेना, साहेबांना झालं काय. साहेब हसत होते.

बाहेर आले ते डोळे पुसत. “बाई, तुमचं बरोबर आहे. लिहितात थाईमसारखं, पण म्हणतात टाईमच. चुकलो तो मी आणि ते तक्रारवाले विद्वान.” मग तंतोतंतला म्हणाले, “घड्याळ परत लाव.”

“लावतो, साहेब. आणि झाडं? ती काढायची ना मग?”

त्या क्षणी त्याला आम्ही सगळ्यांनी मिळून कच्चा खाल्ला असता. साहेबांचं हसू गेलं. ते झुडपाकडे बघत राहिले. भर बहर होता. एकेक दांडी वाकत होती, सुटत होती. मावशींची बोटं काठीवर पांढरी पडली होती.

“माझ्या मुलीला लहानपणी चावली होती एक,” साहेब हळू म्हणाले. “तोंड एवढं सुजलं. श्वास घेता येईना.”

“मग भ्यायलाच पाहिजे, साहेब,” मावशी म्हणाल्या. “त्या खिडकीला जाळी लावा. खिडकीजवळचं तेवढं मी आत्ता कापते. माशी फुलामागे जाते, माणसामागे नाही. फूल लांब, तर माशी लांब.”

साहेबांनी विचार केला. “बरं. जाळी लावून घ्या. बाकीच्या झाडांचं...” ते जिन्याकडे वळले. “टाईम मिळाला की बघू.”

ते पुढे चार वर्षं आमच्याकडे होते. त्यांना टाईम मिळाला नाही.

त्या दिवशी मावशींनी स्वतःच्या हातानं खिडकीजवळचं हातभर झुडूप कापलं आणि त्याच्या जुड्या करून सगळ्यांना वाटल्या, साहेबांनाही. मला सगळ्यांत मोठी.

आणि तेव्हापासून मी जो त्यांच्या गोष्टीत शिरलो तो शिरलोच. नवीन माणूस कामावर आलं की त्या त्याला माझ्या खोलीशी आणून सांगायच्या, “हे काका. यांच्यामुळे ही भिंत हिरवी आहे.” निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाल्या, “काकांनी माझ्यासाठी नोकरी पणाला लावली.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बघत होतो. लोकांना तो विनय वाटला. किती वेळा ठरवलं की सांगायचं. मावशी, मी झाडांबद्दलच लिहिलं होतं. मी तुम्हाला सावधही केलं नाही. झाडं वाचली ती तुमच्या त्या सिस्टरमुळे आणि तुम्ही ऐनवेळी तोंड उघडलंत म्हणून. पण वीस पावलं काही माझ्यानं कधी चालवली नाहीत.

गेल्या वर्षी तंतोतंत बाजारात भेटला. तोही आता निवृत्त झालाय. म्हणाला, माशीमावशी आजारी आहेत, आणि पत्ता सांगितला, डावी-उजवी वळणं मोजून. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो.

अरुंद गल्ली, तळमजला, एकच खोली. खिडकी होती, पण खिडकीबाहेर हात लांब केला तर शेजारच्या इमारतीची भिंत लागेल. दिवसाही दिवा लावलेला. पलंगावर मावशी उशांना टेकून बसल्या होत्या, एवढ्याशा झालेल्या. खोलीला वास मात्र तोच. शेजारची शिवणकाम करणारी बाई चहा घेऊन आली होती.

“बघ गं, हेच ते काका!” मावशी तिला म्हणाल्या. “साहेबांच्या तोंडावर म्हणाले, झाडं काढायची तर आधी मला काढा.”

“मावशी, असं काही झालं नव्हतं हो.”

“बघितलंस? मोठी माणसं अशीच बोलतात.”

ती बाई हसली, माझ्याकडे मानानं बघितलं, आणि शिवण पडलंय म्हणून गेली.

मग आम्ही दोघंच राहिलो. त्यांना बोलताना दम लागत होता, मला न बोलता. चहाच्या कपाकडे बघत मी म्हणालो, “मावशी, ती चिठ्ठी. मी ती खरंच झाडांसाठीच लिहिली होती. साहेबांनी सांगितलं तसंच. तुम्ही समजता तसं नाही. आणि तुम्हाला सांगायलाही मी आलो नाही.”

एवढं लांब वाक्य मी आयुष्यात फार कमी वेळा बोललो असेन. वर बघितलं तर त्यांचे डोळे मिटलेले. ऐकलं की नाही, कळेना. थोड्या वेळानं डोळे न उघडताच म्हणाल्या, “चहा निवतोय, काका. प्या.”

मी प्यायलो. त्यात टाईम होता.

त्या वाक्याचा अर्थ काय घ्यायचा यावर मी वर्षभर विचार केला आहे. कधी वाटतं, ऐकलं नव्हतं. कधी वाटतं, ऐकलं होतं, आणि मला त्या गोष्टीतून काढायचं नाही असं ठरवून त्या चहाबद्दल बोलल्या. त्यांच्याबद्दल मला किती थोडं माहीत होतं हे मी सुरुवातीलाच सांगितलं. पण भाचीबाई, तुमच्या मावशीनं सांगितलेली गोष्ट आणि घडलेली गोष्ट या दोन वेगळ्या आहेत, हे तुम्हाला ठाऊक असावं. त्या भिंतीचं ऊन तुमच्या मावशीनं स्वतः राखलं. मी फक्त बरण्यांवर नावं लिहिली.

चहा संपल्यावर मी उठलो.

“टाईम झाला का तुमचा?” त्यांनी विचारलं.

“हो. निघतो आता.”

“बाहेर पायरीवर कुंडी आहे. तासभर ऊन येतं तिथे. जाता जाता टाईमला पाणी घाला जरा.”

“किती घालू?”

“थोडंच. फार पाण्यानं मरतो तो. त्याला तहानलेलाच बरा.”

मी भांडं घेऊन बाहेर गेलो. कुंडीत वीतभर झुडूप होतं आणि त्यावर एक माशी होती. ती उठेपर्यंत मी थांबलो. मग पाणी घातलं आणि भांडं आत आणून ठेवलं.

“घातलं,” मी म्हणालो.

“बरं. दार ओढून घ्या. या मग.”

“येतो.”